मुंबईच्या हवेला भिऊन गावी जावे का?

चेंबूरला राहणाऱ्या एका ४१ वर्षांच्या भगिनींनी पत्र पाठवले आहे. घरात पती, दहा वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे आहेत. काही महिन्यांपूर्वी त्यांच्या ४६ वर्षांच्या नणंदेला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. नणंदेने आयुष्यात कधी तंबाखूला हात लावलेला नाही. ‘मुंबईच्या हवेचाही यात वाटा असू शकतो,’ असे डॉक्टर बोलून गेले आणि तेव्हापासून या भगिनींची झोप उडाली आहे. शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास सुरू असल्याने खिडकीच्या गजांवर रोज धूळ साचते. मुलीला दिवाळीनंतर लागलेला खोकला होळीपर्यंत हटत नाही. ‘मुंबईत राहणे म्हणजे रोज सिगारेटी ओढणे’ असा संदेश मोबाइलवर वाचल्यापासून आपणच मुलीला विष पाजत आहोत, असे त्यांना वाटू लागले आहे. नणंदेच्या उपचारांच्या दिवसांत डबा नेण्यापासून सोबत बसण्यापर्यंत सारे त्याच करतात. तरीही मुलीला घेऊन चिपळूणजवळच्या माहेरी कायमचे जावे, असा विचार त्यांच्या मनात पक्का होत चालला आहे. पतीची नोकरी मुंबईत आहे आणि त्यांचे म्हणणे असे, की ‘इथे कोटीच्या वर लोक राहतात, सगळ्यांना कर्करोग होतो का?’ सगळ्या कुटुंबाच्या ‘कर्करोग तपासणी पॅकेज’ची जाहिरातही या भगिनींनी पाहून ठेवली आहे. पत्राच्या शेवटी, जाता जाता, त्यांनी लिहिले आहे : ‘सासरे विडी ओढतात, पण नेहमी गॅलरीत जाऊन, त्यामुळे घरात धूर नसतो.’

ताई, तुमची भीती निराधार नाही, हे आधी सांगते. कारण पत्रावरून दिसते की घरात ती अजून कुणी मान्यच केलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला आणि २०१३ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेला, तसेच त्या हवेतल्या सूक्ष्म कणांना, कर्करोगकारक गोष्टींच्या पहिल्या गटात टाकले. माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टीच या गटात असतात. ज्यांना पीएम २.५ म्हणतात ते अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण नाका-घशाच्या गाळण्या चुकवून थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. पुढे काय होते, याचा एक महत्त्वाचा धागा लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला. निरोगी फुप्फुसातही काही पेशींमध्ये कर्करोगाकडे नेऊ शकणारे जनुकीय बदल झालेले असतात आणि अशा पेशी वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. सूक्ष्म कण आत गेले, की शरीराच्या संरक्षक पेशी तिथे धावतात, दाह निर्माण करणारी रसायने सोडतात आणि त्या दाहामुळे या निपचित पेशी जाग्या होऊन वाढू लागू शकतात. धूम्रपान न करणाऱ्यांनाही फुप्फुसाचा कर्करोग का होतो, या कोड्याचा एक मोठा भाग त्यामुळे उलगडतो. तेव्हा तुमच्या पतींनी ही काळजी ‘बायकांचे काहीतरी’ म्हणून उडवून लावू नये.

मात्र इथेच थोडे थांबून विचार करावा लागेल. एखादी गोष्ट पहिल्या गटात असणे म्हणजे पुरावा पक्का असणे. धोका किती मोठा आहे, हे तो गट सांगत नाही. त्याच गटात विडी-सिगारेटचा धूर आहे, ॲस्बेस्टॉस आहे, दारू आहे आणि प्रक्रिया केलेले मांसही आहे, पण या साऱ्यांचा धोका सारखा नाही. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये काढलेला अंदाज असा, की पीएम २.५ चे प्रमाण घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढले, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारण ९ टक्क्यांनी वाढतो. हे ९ टक्के मूळ धोक्यावरचे आहेत, हे विसरू नका. केवळ हिशेब कळावा म्हणून समजा, की हजार जणांतल्या पाच जणांना हा आजार होणार होता. तर १० मायक्रोग्रॅमच्या वाढीने ही संख्या पाचाची साडेपाचही होत नाही. याउलट स्वतः विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा धोका न ओढणाऱ्याच्या १५ ते ३० पट असतो. एका घराच्या दृष्टीने हवेमुळे पडणारी भर लहान आहे. पण एवढ्या मोठ्या शहराच्या लोकसंख्येवर तीच मोजली, तर टाळता येण्याजोग्या आजारांची फार मोठी संख्या उभी राहते. तुमच्या पतींचा प्रश्न घरापुरता रास्त आहे, शहरापुरता मुळीच नाही.

सिगारेटींच्या त्या संदेशाबद्दलही सांगते. असे हिशेब साधारणपणे बर्कले अर्थ या संस्थेने २०१५ च्या सुमारास मांडलेल्या एका ढोबळ सूत्रावर बेतलेले असतात : २२ मायक्रोग्रॅम पीएम २.५ म्हणजे दिवसाला एक सिगारेट. प्रदूषण आणि धूम्रपान यांमुळे होणाऱ्या एकूण मृत्यूंची तुलना करून ते सूत्र काढले होते, आणि त्या मृत्यूंत हृदयविकार, पक्षाघात असे सगळेच येते. कर्करोगापुरते ते लावले, तर चित्र भलतेच फुगते. तुमच्या मुलीने रोज सिगारेटी ओढलेल्या नाहीत आणि तुम्ही तिला विष पाजलेले नाही. आईने घर कुठे घेतले, यावर शहराच्या हवेची जबाबदारी टाकणे मला मुळीच मान्य नाही.

तुमची सगळी भीती कर्करोगावर एकवटली आहे, त्यामुळे एक मोठी गोष्ट नजरेतून सुटते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेमुळे जे अकाली मृत्यू झाले, त्यांतले ६८ टक्के हृदयविकार आणि पक्षाघाताचे होते आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे ४ टक्के. तुमच्या घरात हवेचा मार सर्वांत आधी बसणार तो सासू-सासऱ्यांच्या हृदयाला आणि मुलीच्या श्वासनलिकांना. सासऱ्यांचा रक्तदाब, साखर आणि मुलीचा खोकला यांकडे नीट लक्ष देणे हेच हवेपासूनचे पहिले संरक्षण आहे.

आता त्या गॅलरीविषयी. तुमच्या पत्रातले ते शेवटचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. संध्याकाळी सासरे गॅलरीत खुर्ची टाकून विडी पेटवतात, तेव्हा आत स्वयंपाकघरात बहुधा एग्झॉस्ट पंखा चालू असतो. तो पंखा घरातली हवा बाहेर फेकतो आणि तिची जागा भरायला गॅलरीच्या दारातून, दाराच्या फटीतून बाहेरची हवा आत येते, धुरासकट. तिथेच दोरीवर मुलीचा गणवेश वाळत असतो. घरातल्या दुसऱ्याच्या धूम्रपानामुळे स्वतः न ओढणाऱ्या माणसाचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो, असे अनेक अभ्यासांवरून दिसले आहे. गॅलरीत ओढल्याने तो कमी होत असेल, नाहीसा होत नाही. वरचा ९ टक्क्यांचा हिशेब आठवा : हवेत २० मायक्रोग्रॅमनी कमी कण असलेल्या गावी बिऱ्हाड हलवूनही धोक्यात जेवढा फरक पडेल, साधारण त्याच तोलाचा फरक घरातली विडी बंद झाल्याने पडू शकतो. संसार दोन ठिकाणी विभागायला तुम्ही तयार आहात आणि सासऱ्यांशी बोलायला मात्र धजावत नाही. आपल्या घरांतली रीत पाहता मी ते समजू शकते, पण मुलीसाठी हा संकोच सोडावा लागेल.

मात्र सासऱ्यांशी प्रत्यक्ष बोलणे सुनेने करू नये, मुलाने करावे. ‘बाबा, तुमच्यामुळे ताईला झाले’ असा सूर चुकूनही येता कामा नये. स्वतःच्या मुलीच्या आजाराने तो माणूस आतून किती खचला असेल, याची कल्पना करा. कदाचित विड्या त्यामुळेच वाढल्या असतील. नातीच्या खोकल्याचे निमित्त काढावे आणि सोबत मदतही पुढे करावी. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय विनाशुल्क दूरध्वनी सेवा आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनच्या गोळ्या किंवा च्युइंग गमही घेता येतात. ‘या वयात सोडून काय उपयोग’ असे ते म्हणतील. विडी सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा जास्तीचा धोका जवळजवळ निम्मा होतो, हे त्यांना सांगा. सासूबाई मिश्री लावत असतील, तर हाच विषय त्यांच्यापाशीही काढायला हवा; मिश्री हा तंबाखूच आहे आणि तिचा धोका तोंडाच्या कर्करोगाचा आहे.

माहेरी जाण्याच्या विचाराला मी सरसकट नको म्हणणार नाही. चिपळूणच्या बाजूला हवेतले कण मुंबईपेक्षा कमी असण्याचीच शक्यता अधिक. पण गावची हवा म्हणजे शुद्ध हवा, हे गृहीत धरण्याआधी माहेरच्या घरातून एकदा डोळसपणे फिरून या. न्हाणीघरातले चुलाण अजून लाकडांवर पेटते का? स्वयंपाक कशावर होतो? उन्हाळ्यात भाजावळीचा आणि वणव्यांचा धूर किती दिवस रेंगाळतो? लोटे-परशुरामची रासायनिक कारखान्यांची वसाहत घरापासून किती लांब आहे? लाकूड-पालापाचोळ्याच्या घरातल्या धुराला त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले आहे आणि बंद न्हाणीघरातला तो धूर रस्त्यावरच्या हवेपेक्षा कितीतरी दाट असतो. त्यात वडील आठवड्या-पंधरवड्याने भेटणार, शाळा बदलणार, आणि आजारी नणंदेजवळचे हक्काचे माणूस दूर जाणार. ‘माझ्या आजाराला भिऊन वहिनी गेली’ असे त्यांना वाटले, तर ते भरून काढणे अवघड आहे. तुम्हाला गावी इतर कारणांसाठी जायचे असेल, तर अवश्य जा. पण केवळ कर्करोगाच्या भीतीने एवढे मोठे पाऊल उचलावे, इतके वजन त्या आकड्यांत नाही. मुंबईतच घर बदलण्याची संधी आली, तर मात्र मोठ्या रस्त्यापासून आत असलेले घर निवडा. वाहनांच्या धुराचे प्रमाण रस्त्यापासून काहीशे मीटरांत बरेच उतरते.

तपासणी पॅकेजवर पैसे घालवू नका, हे मी ठामपणे सांगते. रक्तातल्या ‘ट्यूमर मार्कर’ चाचण्या धडधाकट माणसात कर्करोग शोधण्यासाठी नसतात. छातीच्या साध्या एक्स-रेने सरसकट तपासणी केल्यास मृत्यू कमी होत नाहीत, हे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. कमी किरणोत्सर्गाच्या सीटी स्कॅनचा फायदा सिद्ध झाला आहे तो दीर्घकाळ, भरपूर धूम्रपान केलेल्या, साधारण पन्नाशीच्या पुढच्या लोकांत. त्या दृष्टीने तुमच्या घरात त्याविषयी डॉक्टरांना विचारायचे कुणी असेल, तर ते सासरे आहेत. आपल्याकडे जुन्या क्षयाचे व्रण अनेकांच्या फुप्फुसात असतात. ते स्कॅनमध्ये गाठीसारखे दिसतात आणि मग सुई घालून तुकडा काढण्यापर्यंत प्रकरण जाते. नणंदेच्या गाठीत ‘ईजीएफआर’ या जनुकातला बदल सापडला, असे कागदावर लिहिलेले असेल, तर तेही आनुवंशिक समजू नका. हा बदल बहुतेक वेळा त्या गाठीतच झालेला असतो, रक्ताच्या नात्यातून आलेला नसतो. सख्ख्या बहिणीला हा आजार झाल्याने तुमच्या पतींचा धोका थोडा वाढतो, एवढे त्यांनी स्वतःच्या डॉक्टरांच्या कानावर घालावे.

खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, थुंकीत रक्त दिसले, आवाज बसून राहिला किंवा विनाकारण वजन उतरू लागले, तर घरातल्या कुणीही लगेच डॉक्टर गाठावा. आधी क्षयासाठी थुंकी तपासली जाईल, ते योग्यच आहे. पण थुंकीत क्षयाचे जंतू न सापडताच औषधे सुरू झाली आणि महिना-दीड महिन्यात उतार पडला नाही, तर ‘आणखी काही असू शकेल का’ हे स्पष्टपणे विचारा. आपल्याकडे फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान पुष्कळदा याच वळणावर लांबते. आणि ताई, ज्या तपासण्यांनी खरोखर जीव वाचतात, त्यांचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासण्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट आहेत आणि तुम्ही ४१ वर्षांच्या आहात. मुलगी दहा वर्षांची आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्ही लस ९ ते १४ या वयात देणे उत्तम. तिच्यासाठी कर्करोगाविरुद्ध आज हाती असलेला सर्वांत भक्कम उपाय हा आहे.

हिवाळ्यात मुंबईची हवा बिघडते, कारण एरवी घाण वाहून नेणारे समुद्रावरचे वारे मंदावतात आणि पहाटे जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थरामुळे कोंडून राहते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पहाटेचे फिरणे टाळा, खिडक्या दुपारी उघडा. हवेचा निर्देशांक २०० च्या पुढे, म्हणजे ‘वाईट’ श्रेणीत गेला, तर मुलीचे मैदानावरचे धावणे त्या दिवशी बंद ठेवा. निर्देशांक ‘समाधानकारक’ दिसला, तरी फार निर्धास्त होऊ नका : पीएम २.५ साठी भारताची वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५ आहे. रुमाल किंवा कापडी मास्क हे कण अडवत नाहीत. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ अडवतो. हवा शुद्ध करणारे यंत्र परवडत असेल, तर हेपा (सूक्ष्म कण अडवणाऱ्या) गाळणीचे आणि खोलीच्या आकाराला पुरेसे घ्या, मुलगी झोपते त्या खोलीत दारे-खिडक्या लावून चालवा आणि ओझोन सोडणारी यंत्रे घेऊ नका. परवडत नसेल, तर त्यासाठी कर्ज काढू नका. बंद खोलीत मच्छर कॉइल आणि धूप जाळणे थांबवले, झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसले आणि फोडणीच्या वेळी पंखा लावला, तर घरातली हवा फुकटात सुधारते.

शेजारच्या बांधकामाबाबत तुम्ही ‘काय करणार’ असे लिहून विषय सोडला आहे, आणि हेच मला सर्वांत खटकले. महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियम काढले आहेत. एक एकराहून लहान जागेभोवतीही किमान २५ फूट उंच पत्रे हवेत, मोठ्या किंवा उंच प्रकल्पांभोवती ३५ फूट. पाडकाम आणि इमारत हिरव्या कापडाने किंवा ताडपत्रीने झाकलेली हवी, पाण्याचे फवारे हवेत, राडारोडा नेणारे डंपर झाकलेले आणि त्यांची चाके धुतलेली हवीत. पत्रे किती उंच आहेत, ते तुमच्या खिडकीतूनच दिसेल. तारीख-वेळेसह छायाचित्रे काढा, सोसायटीच्या लेटरहेडवर सचिवांच्या सहीने पत्र लिहा, ते एम पश्चिम विभाग कार्यालयात देऊन पोच घ्या आणि १९१६ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. एकट्या बाईच्या तक्रारीपेक्षा चाळीस बिऱ्हाडांच्या पत्राची दखल लवकर घेतली जाते. शहराची हवा हा शहराने सोडवायचा प्रश्न आहे, आणि शहर म्हणून आपल्या हातात येणारे टोक बहुधा एवढेच, आपल्या खिडकीसमोरचे असते.

राहिला मुलीचा खोकला, आणि त्याची मला तुमच्या इतर सर्व शंकांहून अधिक काळजी वाटते. दर हिवाळ्यात तीन-चार महिने टिकणारा खोकला ‘हवामानाचा’ म्हणून सोडून देऊ नये. तो बालदमा असू शकतो, नाकाची ॲलर्जी असू शकते, क्षय नाही ना, याचीही खात्री करून घ्यावी लागते. एक वही करा. खोकला रात्री येतो की खेळताना, त्या दिवशी राडारोडा उचलला होता का, घरात धूप किंवा विडीचा धूर होता का, हवा मोजणाऱ्या जवळच्या केंद्रावर निर्देशांक किती होता, एवढे रोज दोन ओळींत लिहा आणि ती वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. दमा निघाला आणि पंप दिला, तर तो नाकारू नका. पंपाची सवय लागते, ही समजूत चुकीची आहे. औषध तोंडावाटे घेण्यापेक्षा पंपातून थेट श्वासनलिकेत गेले, तर ते फार कमी मात्रेत पुरते. नाताळच्या सुट्टीत तिला माहेरी नेऊन आणा आणि तिथल्याही नोंदी ठेवा. शाळेचे वर्ष संपत आले, की ती वही समोर ठेवून, पतींसोबत बसून माहेरी जाण्याचा विचार करा. तोपर्यंत शाळेचा दाखला काढू नका.